कचेरीची इमारत आणि सूर्य

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाच्या इमारतीचा पाया १९१४ साली घातला गेला. तिच्या घुमटांकडे व छत्र्यांकडे प्रवाशाची दृष्टी प्रथम जाते. परंतु मे महिन्यातील दुपारी त्याला खरा दिलासा मिळतो तो कमानींच्या सावलीत. आधुनिक कचेऱ्यांच्या संकुलांत कमानींची जागा पुष्कळदा काचेच्या भिंतीने घेतली आहे. या बदलाचे मोल समजण्यासाठी काचेचा गुणधर्म पाहिला पाहिजे.

सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा मोठा भाग साध्या काचेतून आरपार जातो. आतील जमीन, मेज, कागद यांत तो शोषला जाऊन या वस्तू तापतात. त्यांच्यापासून निघणारे उष्णतेचे प्रारण मात्र दीर्घ लहरींचे असते आणि काच ते सरळ बाहेर जाऊ देत नाही. बंद खोलीतील तापलेली हवाही आतच राहते. निरभ्र दुपारी सूर्यासन्मुख अशा १ चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट ऊर्जा पडते. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॉट उष्णता देतो. यावरून एका मोठ्या खिडकीतील ऊन म्हणजे खोलीत किती माणसांची भर, याची कल्पना येईल. लेप दिलेल्या काचांनी हा भार कमी होतो, नाहीसा होत नाही.

तेव्हा ऊन काचेपर्यंत पोचण्यापूर्वीच अडविणे श्रेयस्कर होय. लखनौस २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ८७ अंश, तर २२ डिसेंबरला सुमारे ४० अंश उंच असतो. दक्षिणेकडील २ मीटर उंच खिडकीवर १ मीटर रुंदीचा छज्जा असल्यास जूनच्या मध्यान्ही ती पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सावली सुमारे ८४ सेंटिमीटरच उतरते व हवेसे ऊन आत येते. पश्चिमेस मात्र उतरत्या सूर्याचे किरण छज्ज्याखालून शिरतात. तेथे उभे आडोसे, झाडे किंवा लहान खिडक्याच उपयोगी पडतात. चंदीगडच्या सचिवालयासाठी ल कॉर्ब्युझिये यांनी १९५० च्या दशकात काँक्रीटचे सूर्यरोधक योजले. आपल्याकडील पडवी तेच काम पूर्वीपासून करीत आली आहे.

वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. आतील उष्णता, वापरलेल्या विजेच्या उष्णतेसह, ते बाहेर टाकते. आत बसलेल्या कारकुनाच्या गारव्याची झळ अशा रीतीने रस्त्यावरील हमालास लागते. इमारतीचा नकाशा आखतानाच दिशेचा विचार केल्यास दोघांचेही हित साधते.