झडपेच्या तापाला कॅन्सरचा स्कॅन?

प्रश्न : सासूबाईंची हृदयाची झडप चार वर्षांपूर्वी बदलली आहे. महिनाभर बारीक ताप आहे. इको नीट आला, तरी डॉक्टर पेट-सीटी करा म्हणतात. हा तर कॅन्सरचा स्कॅन ना? आमच्यापासून काही लपवताहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : लपवालपवी नाही. डॉक्टरांना शंका आहे ती कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची, आणि नुसत्या इकोने ती फिटत नाही. इकोतल्या ध्वनिलहरी धातूच्या झडपेवर आपटून परततात, त्यामुळे झडपेमागे सावली पडते. जंतूंचा पुंजका नेमका त्या सावलीत असला तर दिसणार कसा? अन्ननलिकेतून केलेल्या इकोत बरंच जास्त दिसतं, पण तोही कधीकधी चकतो. म्हणून ब्लड कल्चरच्या जोडीला पेट-सीटी.

आता कॅन्सरचं. पेट स्कॅनला रोगाचं नाव कळत नाही. शरीरात साखर कुठे जास्त खपतेय, एवढंच तो दाखवतो. शिरेतून एफडीजी नावाचा ग्लुकोजसारखा पदार्थ देतात, त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. साखरेला हपापलेल्या पेशी तो आत ओढतात, पण पुरता वापरू शकत नाहीत, म्हणून तो तिथेच अडकून राहतो. कॅन्सरच्या पेशी अशा हपापलेल्या असतात, तशाच जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही.

पंचाईत अशी, की हृदयाचा स्नायूही साखर खातो. तो उजळला तर झडपेचं काही कळत नाही. म्हणून आदल्या दिवशी भात, पोळी, फळं, साखर बंद. अंडी, चिकन, पनीर, लोणी चालतं. मग बारा तास किंवा जास्त कडकडीत उपाशी. इथे ‘उपाशी’ म्हणजे आपला साबुदाणा-रताळ्याचा उपवास नव्हे! तो सगळा पिष्टमय, स्कॅनची वाट लावणारा. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं आधी विचारून घ्या.

किरणांची धास्ती नको. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी जवळपास उरत नाही. त्या दिवशी मात्र तान्ही मुलं आणि गरोदर बायका जरा लांब बऱ्या. इतकं अल्पायुषी औषध साठवता येत नाही, सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात ताजं करावं लागतं. तेव्हा दिलेली वेळ चुकवू नका.

रिपोर्ट वाचणं हे मात्र जाणत्याचं काम. सीटीच्या आधारे चित्र दुरुस्त करताना धातूजवळ खोटा उजेड दिसू शकतो, म्हणून डॉक्टर दुरुस्तीआधीचं चित्रही पाहतात. ऑपरेशन ताजं असेल तर जखम भरतानाची सूजही उजळते. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये ही तपासणी निदानाच्या निकषांत घेतली, तेव्हा ऑपरेशनला तीन महिने उलटलेले असावेत अशी अट होती. सासूबाईंना तर चार वर्षं झाली. उलट, बरेच दिवस अँटिबायोटिक चालू असतील तर खरा संसर्गही फिका दिसतो. कधी सुरू केली ते आवर्जून सांगा.

एवढ्यानेही शंका उरली, तर सासूबाईंच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना किरणोत्सारी टेक्नेशियम लावून परत सोडतात आणि त्या झडपेपाशी जमतात का ते पाहतात. त्याला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशीही फोटोसाठी जावं लागतं.