भाताच्या खाचरातील शत्रू आणि मित्र



आपल्या मालेगावकडे मका, बाजरी, कांदा पिकतो. त्यामुळे मंडळीतील अनेकांनी भाताचे खाचर जवळून पाहिलेले नसते. पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांचे पोट पावसाळी भात आणि नागलीवर अवलंबून असते. भात गेले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला लवकर निघावे लागते आणि मुलांची शाळा सुटते. म्हणून या अंकात भातावरील दोन मुख्य किडींचा पाठ घेऊ या. गावभेटीत मी हाच पाठ बांधावर उभी राहून घेते.

खोडकिडा. पिवळसर पतंग पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालतो. अळी खोड पोखरून आत शिरते. फुटवे येताना मधला पोंगा सुकतो, त्याला गाभेमर म्हणतात. पीक निसवल्यावर लोंब्या पांढऱ्या, पोचट निघतात, ती पळींज. अळी खोडात गेल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून उपाय आधीच करावे :
१. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावेत. त्याबरोबर अंडीही जातात.
२. हेक्टरी २० कामगंध सापळे लावावेत.
३. कापणी जमिनीलगत करावी व नंतर नांगरून धसकटे गोळा करून नष्ट करावीत. अळी त्यातच दडून राहते.

तपकिरी तुडतुडे. हे चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. शेतात जागोजागी गोल आकारात पीक जळल्यासारखे दिसते. दाट लावणी आणि युरियाचा अतिरेक यांमुळे ते वाढतात. लावणीत मोकळे पट्टे ठेवावेत, युरिया हप्त्यांनी द्यावा. कीड दिसताच काही दिवस खाचरातील पाणी काढून टाकावे.

आता मित्रांविषयी. कोळी, चतुर आणि ढालकिडे या किडी खातात. ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. सरसकट विषारी फवारा मारला की आधी हे मित्र मरतात आणि तुडतुडे दुप्पट जोमाने येतात. इंडोनेशियात हेच घडले. तेथील सरकारने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातच शिक्षण दिले.

म्हणून आधी मोजणी, मग औषध. एका चुडात ५ ते १० तुडतुडे आढळले, तरच कृषी सहायकाचा सल्ला घेऊन फवारणी करावी. तोंड-नाक झाकावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नये, रिकामी बाटली पाण्यासाठी मुळीच वापरू नये. उघड्या अंगाने फवारणारे बापलेक मी पाहते, तेव्हा पिकापेक्षा त्यांचीच काळजी अधिक वाटते.

योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात टोळांनी देश उजाड केल्याचे वर्णन आहे. तेथे शेतकऱ्याचे दुःख साऱ्या लोकांचे दुःख होते. आपणही येत्या लावणीच्या दिवसांत या कुटुंबांची आठवण ठेवू या. ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी औषधाच्या बाटलीऐवजी कामगंध सापळे, हातमोजे आणि तोंडावरचे मास्क यांसाठी द्यावी. एका घराचे वर्षभराचे भात त्यातून वाचू शकते.