तोंडात पिले वागवणारा मासा

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील फिश टँकमध्ये आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पिवळे मासे आणले होते. एके दिवशी त्यांतील एका मादीने खाणे सोडले आणि तिचा गळा फुगला. ती आजारी समजून आम्ही तिला वेगळी काढणार, तोच मासेमारी करणाऱ्या घरातील सातवीचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तिच्या तोंडात अंडी असतील. आमच्या चिलापीचंबी असंच असतं." त्याचे म्हणणे खरे ठरले.

नाथसागरातील चिलापी, म्हणजे तिलापिया, या पिवळ्या माशांच्याच सिक्लिड कुळातील. तिचे मूळ घर आग्नेय आफ्रिकेतील नद्या. नर तळाशी खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर पडली, तरी पुढे दहा-बारा दिवस ती आईच्या तोंडातच राहतात. या काळात आई जवळजवळ उपाशी असते. रोहू लाखो अंडी घालून ती वाहत्या पाण्यावर सोडून देतो. चिलापीची अंडी काही शेच, परंतु जगतात बहुतेक. शिवाय रोहूला विणीसाठी पुराचे वाहते पाणी लागते, हिला साचलेलेही चालते. 1976 मध्ये जायकवाडी धरण झाले आणि गोदावरीचे पाणी थांबले. हिला आणखी काय हवे?

चिलापी आपणहून भारतात आलेली नाही. गरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत, या हेतूने 1952 मध्ये ती आणली गेली. हेतू चांगलाच होता. पण ती इतर माशांचे अन्न व जागा बळकावते, हे दिसू लागल्यावर 1959 मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली. तोवर ती पसरली होती. (इजिप्तच्या नेबामुनच्या थडग्यातील सुमारे 3,400 वर्षांपूर्वीच्या चित्रात हिचीच भावंडे तळ्यात पोहतात, इतिहासाच्या शिक्षकाला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

तिला 'परकी' म्हणून शिव्या देणे मला पटत नाही, आणले माणसांनी. मात्र दाटी झाली की ती खुरटते, लहान माशाला भाव मिळत नाही, आणि तोटा सोसतो जाळे टाकणारा.

पुढे आमच्या टँकमध्ये पिले वाढली, जागा पुरेना. काही मुले म्हणाली, नाथसागरात सोडू. त्याच विद्यार्थ्याने ठाम नकार दिला. शेवटी मासे छत्रपती संभाजीनगरच्या दुकानदाराला परत दिले.