बरोबरीच्या मॅचवर पैसे लावण्याआधी

बाळा, न्यू जर्सीत बसून तू टेबल टेनिसच्या मॅचवर ‘प्रेडिक्शन मार्केट’मध्ये पैसे लावतोस, हे तुझ्या आईकडून कळलं. रागावत नाही. फक्त दोन तुल्यबळ खेळाडू असतील तेव्हा एवढं सांभाळ.

१. जिंकल्यास एक डॉलर देणाऱ्या पैजेचा भाव ५० सेंट, म्हणजे बाजारालाही कोण जिंकेल ते कळलेलं नाही. तुला बाजारापेक्षा जास्त काय कळलंय ते एका ओळीत लिही, मगच बटण दाब — ओळ सुचली नाही तर तो नुसता छापा-काटा, आणि त्यासाठी फी कशाला भरायची?

२. घ्यायचा आणि विकायचा भाव दोन्ही बघ — ५२ ला घेतलेलं लगेच ४८ ला विकावं लागलं, तर एकही सर्व्हिस पडायच्या आत ४ सेंट गेले. बरोबरीची मॅच, मधल्याची चंगळ.

३. रँकिंगच्या आधी खेळाडूचा हात आणि बॅटचं रबर बघ — डावखुऱ्याची सर्व्हिस वेगळ्या कोनातून येते, लाँग पिंपल्सच्या, म्हणजे लांब दाण्यांच्या रबरवरून समोरच्याचीच फिरकी उलटून परत येते, आणि रँकिंगच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

४. मॅचच्या दिवशीची बातमी वाच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकल्यावर फोटोग्राफरांच्या गर्दीत चीनच्या वांग चुचिनची बॅट मोडली आणि दुसऱ्या दिवशी एकेरीत तो स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला — बॅटमुळेच हरला असं मी म्हणत नाही, पण असं काही घडलंय हे पैसे लावणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

५. आघाडी बघून भाव ९०च्या वर गेला की हात आवर. टोकियो ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत मिझुतानी आणि इतो ही जपानी जोडी जर्मनांविरुद्ध शेवटच्या गेममध्ये २-९ अशी मागे होती. मॅच पॉइंटमागून मॅच पॉइंट वाचवत ती १६-१४ ने जिंकली आणि पुढे सुवर्णही घेऊन गेली — २००१ पासून गेम २१ ऐवजी ११ गुणांचा झालाय, चार-पाच गुणांत सगळं फिरतं. नऊवर हसला, दहावर फसला!

६. चालू मॅचमध्ये सौदा करूच नकोस — तुझ्या स्क्रीनवर चित्र काही सेकंद उशिरा येतं, हॉलमध्ये बसलेल्याला तो गुण कधीच कळलेला असतो.

७. खेळाडूने दुखापतीने मॅच सोडली तर पैशाचं काय, ते नियमांत आधी वाच — प्रत्येक ठिकाणी नियम सारखा नसतो.

८. कुणी नाव न ऐकलेल्या, दिवसरात्र चालणाऱ्या लीगपासून लांब राहा — तिथे खेळाडूची कमाई थोडी, बघणारं कुणी नाही, आणि मॅच खरी की ठरवलेली हे तुला घरबसल्या कळायचं नाही.

९. महिन्याची रक्कम पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. संपली की संपली — हरलेलं भरून काढायला लावलेला डॉलरच सगळ्यात महाग पडतो.

१०. सुट्टीला पुण्यात आलास की हे ॲप बंद — २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केलाय.

आणि झोप उडायला लागली, घरी लपवावंसं वाटलं, तर वाट बघू नकोस. तिकडे १-८००-गॅम्बलर हा मदतीचा नंबर आहे. त्याआधी मला फोन कर.