हाडाची राख आणि हळदीचा डाग : हाताने शिकावयाचे रसायनशास्त्र

एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक सुरू झाले त्या सुमारास कलकत्त्यातील अपर सर्क्युलर रोडवरच्या 91 क्रमांकाच्या घराच्या गच्चीवर गुरांच्या हाडांचा ढीग वाळत पडला होता. घर भाड्याचे होते. त्यात राहणारे गृहस्थ प्रेसिडेन्सी कॉलेजात महिना अडीचशे रुपये पगारावर रसायनशास्त्र शिकवीत. हाडे राजाबाजारच्या कसायांकडून आणलेली असल्यामुळे त्यांना मांसाचे तुकडे अद्याप चिकटलेले होते. त्यातच अवकाळी पावसाने झड धरली. हाडे कुजू लागली, त्यांत किडे पडले, कावळ्यांचे थवे जमले आणि शेजाऱ्यांनी आरोग्याधिकाऱ्याकडे तक्रार करण्याची धमकी दिली. अखेर तो सारा ढीग वस्तीपासून दूर नेऊन जाळावा लागला.

हे गृहस्थ म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र राय होत. 1861 साली खुलना जिल्ह्यातील राडुली गावी त्यांचा जन्म झाला. एडिंबरो विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी 1887 साली मिळवून ते मायदेशी परतले आणि 1889 साली प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. गच्चीवरचा हा ढीग म्हणजे 1892 साली सुमारे सातशे रुपयांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘बेंगॉल केमिकल’ या कारखान्याचा कच्चा माल होता. इतका विद्वान मनुष्य असला व्याप कशासाठी करतो, असा प्रश्न त्या काळी पुष्कळांना पडला असेल. त्याचे उत्तर हाडातच आहे, आणि शाळेतील विद्यार्थ्याला ते पडताळून पाहता येते.

त्यासाठी कोंबडीच्या तंगडीची दोन हाडे घ्यावीत, स्वच्छ धुवावीत व वाळवावीत. एक हाड काचेच्या बरणीत ठेवून बुडेपर्यंत त्यावर व्हिनेगर ओतावे आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलावे. पाच-सहा दिवसांनी ते हाड बाहेर काढून वाकवून पाहावे. त्याचा आकार जसाच्या तसा असतो, मात्र ताठपणा नाहीसा होऊन ते रबरासारखे वाकते. दुसरे हाड शिक्षकांनी उघड्या जागी, लालबुंद निखाऱ्यांवर, चिमट्याने उलटसुलट करीत भाजावे. ते प्रथम काळे पडते, कारण त्यातील सेंद्रिय द्रव्य जळताना कार्बन मागे राहतो. पुढे तो कार्बनही जळून जातो आणि हाड पांढरे होते. निवाल्यावर बोटांनी दाबले की त्याचा भुगा होतो.

आता ही दोन्ही हाडे शेजारी शेजारी ठेवावीत. व्हिनेगरमधील अम्लाने पहिल्या हाडातील खनिज क्षार विरघळवून नेले आणि कोलॅजेन हे चिवट प्रथिन मागे राहिले. अग्नीने नेमके उलट केले, प्रथिन जाळून टाकले आणि क्षार ठेवले. सुक्या हाडाच्या वजनात सुमारे दोनतृतीयांश वाटा या क्षारांचा असतो व त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे प्रमाण सर्वाधिक असते. एकच पदार्थ दोन वाटांनी उलगडून त्याचे घटक निराळे करणे यालाच रसायनशास्त्रात पृथक्करण म्हणतात. फळ्यावर लिहिलेली पृथक्करणाची व्याख्या आठवडाभरात विसरली जाते. वाकलेले हाड एकदा हाती घेतले की ते सहसा विसरत नाही. ज्या घरांत हाड चालत नाही तेथे अंड्याचे कवच घ्यावे. ते बहुतेक सारे कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने व्हिनेगरमध्ये टाकताच त्यावर बुडबुडे जमू लागतात. हाडातून बुडबुडे फारच थोडे येतात. असे का, हा प्रश्न वर्गाला विचारून शिक्षकांनी थोडा वेळ गप्प बसावे.

राय यांना हवी होती ती हाडाची पांढरी राख. तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया केली असता फॉस्फरिक अम्ल आणि कॅल्शियम सल्फेट तयार होते. गाळून वेगळे केलेल्या फॉस्फरिक अम्लात धुण्याचा सोडा घातला की कार्बन डायॉक्साइड फसफसून निघून जातो आणि सोडियम फॉस्फेट हाती येते. हे त्या काळी सौम्य रेचक म्हणून औषधात वापरले जाई आणि परदेशातून येई. म्हणजे कसायाच्या दुकानामागे पडलेल्या वस्तूतून औषधाच्या दुकानातील बाटली भरत होती.

या क्रियेचा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः मांडावा. 310 भाग कॅल्शियम फॉस्फेटला 294 भाग शुद्ध गंधकाम्ल लागते. त्यापासून 196 भाग फॉस्फरिक अम्ल व 408 भाग कॅल्शियम सल्फेट मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज 604 येते. पुढे 196 भाग फॉस्फरिक अम्लाला 212 भाग निर्जल सोडा लागतो. त्यातून 284 भाग सोडियम फॉस्फेट, 36 भाग पाणी आणि 88 भाग कार्बन डायॉक्साइड निघतो. येथेही दोन्ही बाजूंना 408 हाच आकडा येतो. समीकरण ‘संतुलित’ करणे हा परीक्षेसाठी शोधून काढलेला छळ आहे, अशी मुलांची समजूत असते. सोड्याचे किती पोते मागवावे हे ज्याला ठरवावयाचे आहे त्याला ते आकडे व्यापाऱ्याच्या खतावणीइतकेच जिव्हाळ्याचे वाटतात.

राय वर्गात हाडाची राख दाखवीत आणि तिची चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवीत, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. ज्या समाजात गुरांच्या हाडाचा नुसता स्पर्श झाला तरी स्नान करावे लागे, त्या समाजातील मुलांसमोर हे घडत होते. पुरते जाळलेल्या हाडात ते कोणत्या जनावराचे हे सांगणारे काहीही उरत नाही, उरते ते एक रासायनिक संयुग, हे त्यांना पटवून द्यावयाचे होते. या गोष्टीतील धैर्य विद्यार्थ्यांनी घ्यावे, अनुकरण मात्र करू नये. प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ चाखावयाचा नाही, हा नियम अपवाद ठेवीत नाही.

ही प्रयोगाची ओढ राय यांना विद्यार्थिदशेतच लागली होती. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे नाव होते, पण रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकण्यास ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. तेथे अलेक्झांडर पेडलर हे अध्यापक वर्गासमोर प्रयोग करून दाखविण्यात अत्यंत निष्णात होते. कलकत्त्याचे वातावरणच त्या वेळी अशा गोष्टींना अनुकूल होऊ लागले होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 साली बहुबाजारात विज्ञानसंवर्धनासाठी संस्था स्थापन केली होती व सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफाँ तेथे उपकरणांसह लोकांपुढे व्याख्याने देत.

पेडलर यांचे प्रयोग पाहून राय यांना नुसते पाहणे पुरेना. त्यांनी व त्यांच्या एका वर्गमित्राने त्या मित्राच्या बिऱ्हाडी एक चिमुकली प्रयोगशाळा थाटली. एकदा दोघांनी एका साध्या कल्हईवाल्याला हाताशी धरून पातळ पत्र्याची एक फुंकणी बनवून घेतली. तिच्यात हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र जाळून प्रखर ज्योत मिळवावयाची होती. पत्र्याचे सांधे गळके होते. प्रचंड स्फोट झाला. दोघेही सुदैवाने बचावले. पुढे आत्मचरित्रात राय यांनी ही हकीकत मोकळेपणाने नमूद केली आहे.

आजच्या विद्यार्थ्याने या स्फोटाचे कारण समजून घ्यावे. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा 4 पासून 75 पर्यंत कितीही असले तरी ठिणगी पडताच ते मिश्रण पेट घेते. इतकी विस्तृत मर्यादा असलेले वायू थोडेच. गळक्या भांड्यातून हवा आत शिरली की आतील मिश्रण याच मर्यादेत येऊन पडते, आणि शुद्ध प्राणवायू मिसळलेला असेल तर भडका अधिकच जोराचा. म्हणूनच हायड्रोजनला ज्योत दाखविण्यापूर्वी तो लहान परीक्षानळीत गोळा करून, उपकरणापासून दूर नेऊन पेटवून पाहतात. ‘फट्’ असा तीक्ष्ण आवाज आला तर हवा मिसळलेली आहे. तो शांतपणे जळला तर शुद्ध आहे. हा प्रयोग घरी करावयाचा नाही. शाळेतही तो शिक्षकांनीच, अगदी थोडा वायू घेऊन करावा.

अपघाताच्या भीतीने प्रयोगच बंद करणाऱ्या शाळा मात्र दुसरे टोक गाठतात. तेथे प्रयोगवह्या मागील वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मागून आणल्या जातात. निरीक्षणे, अनुमाने व स्वच्छ आकृत्या सारे काही उतरवून होते, आणि परीक्षानळीला कोणाचाही हात लागलेला नसतो. असा विद्यार्थी ‘पांढरा साका मिळाला’ असे लिहितो, तेव्हा तो साका दह्यासारखा होता की पिठासारखा, हे त्याला सांगता येत नाही.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याविषयी राय किती काटेकोर होते हे त्यांच्या तेलातुपाच्या संशोधनावरून दिसते. कलकत्त्याच्या बाजारातील मोहरीचे तेल व तूप यांतील भेसळ त्यांना शोधावयाची होती. पण भेसळ ओळखावयाची तर शुद्ध वस्तू प्रथम हाती हवी, आणि दुकानदाराच्या ‘शुद्ध’ या शब्दावर विसंबून चालणार नव्हते. म्हणून त्यांनी मोहरी आपल्यासमक्ष घाण्यात घालून तेल काढविले, गाई आपल्यासमक्ष दोहविल्या व त्या दुधाचे लोणी करविले. त्या नमुन्यांवरून प्रमाण ठरले. हे काम 1894 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अशा तपासणीतील एक कसोटी समजण्यास सोपी आहे. तेलाचे साबणात रूपांतर करण्यास अल्कली लागते, आणि किती लागते हे प्रत्येक तेलाचे ठराविक असते. एक ग्रॅम मोहरीच्या तेलाला साधारण 170 ते 175 मिलिग्रॅम दाहक पोटॅश लागते, भुईमुगाच्या तेलाला 190 च्या आसपास, तर खोबरेलाला 250 हून अधिक. याचे कारण असे की खोबरेलातील मेदाम्लांचे रेणू आखूड असतात. त्यामुळे तितक्याच वजनात त्यांची संख्या अधिक भरते, आणि प्रत्येक रेणूला आपल्या वाट्याची अल्कली लागते. मोहरीच्या तेलात लांब रेणूंचे प्राबल्य असते. तेलात कोणी काय मिसळले हे अशा रीतीने तराजू आणि मापननळी सांगू शकते. ही कसोटी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करण्याजोगी आहे. शाळेत मात्र खव्यावर आयोडीनच्या द्रावाचा थेंब टाकून पाहता येईल. थेंब निळा-काळा झाला तर त्यात पीठ मिसळलेले आहे.

पुढे 1896 साली प्रसिद्ध झालेला राय यांचा मर्क्युरस नायट्राइटचा शोधही अशाच दक्षतेतून लागला. पाऱ्यावर सौम्य व थंड नत्राम्लाची क्रिया चालू असता त्यांना पिवळे स्फटिक जमलेले दिसले. ते एखाद्या परिचित क्षाराचे असतील असे मानून पुढे जाणे सोपे होते. परंतु तसला क्षार इतक्या अम्लयुक्त द्रावात जमावा, हे नेहमीच्या अनुभवाशी जुळेना. न जुळणाऱ्या त्या गोष्टीपाशीच ते थांबले, स्फटिक तपासले आणि एक नवे संयुग पुढे आले. पारा विषारी असल्याने हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करावयाचा नाही. नेहमीच्या अनुभवाशी काय जुळत नाही हे पाहण्याची सवय मात्र स्वयंपाकघरातही लावून घेता येते.

हळदीचा डाग पडलेल्या धोतराला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघर पाहिलेले असते. हळद व चुना यांपासून कुंकू करण्याची जुनी रीतही हेच सांगते. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. चुन्याच्या निवळीत पट्टी तांबडी होते आणि लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी. राखेचे पाणी, धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा यांची द्रावणेही पाहावीत. धुण्याच्या सोड्यात रंग गडद येतो, खाण्याच्या सोड्यात जेमतेम. सगळ्या अल्कली सारख्या प्रखर नसतात हे पट्टीवरच दिसते.

चुन्याच्या निवळीचा दुसरा प्रयोग याहून मनोरंजक आहे. थोडी निवळी पाणी घालून पातळ करावी व नळीने तिच्यात सावकाश श्वास सोडावा. ओढून मात्र घेऊ नये. निवळी दुधासारखी होते, कारण श्वासातील कार्बन डायॉक्साइडमुळे अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट बनते. येथे बहुतेक वर्ग थांबतात. न थांबता बराच वेळ फुंकत राहिल्यास पाणी पुन्हा स्वच्छ होते, कारण अधिक वायूमुळे विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. हे स्वच्छ पाणी उकळले की वायू निघून जातो आणि तोच पांढरा साका परत येतो.

चुनखडीच्या जमिनीतील विहिरींना हेच पाणी असते. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि ते तापविणाऱ्या बंबाच्या आत वर्षानुवर्षे पांढरा थर चढत जातो. त्या थराचा एक खवला परीक्षानळीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओतावे. तो फसफसू लागला की बुचातून बसविलेली वाकडी नळी ताज्या निवळीत सोडावी. थोड्याच वेळात ती निवळी पांढरी होऊ लागते.