घर सुटलं, कान सुटले नाहीत

१. अण्णा किती पिऊन आलेत, हे मला शाळेत असल्यापासून जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं. चप्पल फरफटली की धाकट्याला आतल्या खोलीत न्यायचं, भाताचं पातेलं झाकायचं, आई काही बोलायच्या आत तिला खुणेनं थांबवायचं. शिकायला पुण्यात आले, तरी हॉस्टेलच्या व्हरांड्यात कुणी पाय ओढत गेलं की मी पुस्तक मिटून उठून बसायचे. हा घाबरटपणा नव्हे. वर्षानुवर्षं घराची राखण केलेली असते. ती अंगातून उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ स्वतःला द्या.

२. आईला आणि भावाला मागे टाकून आलो, ही बोचणी सगळ्यांत वाईट. पण आपण परत गेल्याने बाटली सुटत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ साली अमेरिकेत ‘अल-अनॉन’ सुरू झालं. महाराष्ट्रातही त्याच्या सभा होतात. त्यांचं सांगणं साधं आहे: दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुमच्या धाकाने थांबणार नाही, तुमच्या हातून बरीही होणार नाही. मला हे कुणीतरी बारावीतच सांगायला हवं होतं. आता मी आईला संध्याकाळी, अण्णा यायच्या आत फोन करते. रात्री काही झालंच, तर शेजारच्या काकू आणि ११२ हे दोन नंबर धाकट्याला तोंडपाठ आहेत.

३. पैसे पाठवायचे ते थेट किराणावाल्याला, क्लासला, लाइटबिलाला. रोख नाही. गुत्त्याची उधारी आपण फेडायची नाही, कितीही रडारड झाली तरी.

४. रोज पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नका. शरीराला सवय झालेली असते. एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे आणि तिथे पेशंटच्या बायकांनाही आधार मिळतो. अण्णा जायला तयार नाहीत. आईने तरी जावं, म्हणून मी तिच्या मागे लागले आहे.

५. पार्टीत ग्लास पुढे आला तर ‘नको’ पुरे. व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा असतो, एवढं आपल्याला ठाऊक असलं की झालं.

६. स्थळं येऊ लागली की ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न येतोच. नातेवाईक म्हणतात, आत्ताच कशाला बोलायचं, लग्नानंतर कळेल. मी पहिल्याच भेटीत सांगते, अण्णा पितात. ज्याला मागे फिरायचं असेल, त्याने चहा संपायच्या आत फिरावं.