मागितले ते मिळाले नाही तेव्हा



घरभेटीला गेलो की एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानी येतो. ‘फादर, नऊ दिवसांची नोव्हेना केली, रोज संध्याकाळी रोझरी म्हटली, वेलंकनीला जाऊन आलो, तरी देवाने आमचे ऐकले नाही.’ कोणाच्या घरी लग्नाला दहा वर्षे होऊनही पाळणा हललेला नाही. कोणाच्या मुलाचे परदेशी नोकरीचे कागद अगदी शेवटी अडले. कोणाच्या घरातला कर्ता माणूस आजारातून उठलाच नाही.

अशा वेळी आपण दोन तयार उत्तरे देतो. एक, ‘देवाचीच इच्छा, आपण काय करणार?’ दुसरे, ‘तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला.’ पहिले उत्तर ऐकून दुःखी माणसाला देव कठोर वाटू लागतो. दुसरे ऐकून तो स्वतःलाच दोष देत बसतो. ही उत्तरे पवित्र शास्त्राला धरून आहेत का, हे आज पाहू.

१. नकार कोणाकोणाला मिळाला?

दावीद राजाला परमेश्वरासाठी मंदिर बांधायचे होते (२ शमुवेल ७). हेतू चांगला होता. नाथान संदेष्ट्यानेही लगेच होकार दिला. परंतु त्याच रात्री परमेश्वराने नाथानला सांगितले की, मंदिर दावीद नव्हे, त्याचा मुलगा बांधील. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. देवाची इच्छा काय आहे हे संदेष्ट्यालाही घाईने सांगता आले नाही. मग आपण दुसऱ्याच्या दुःखाविषयी किती जपून बोलायला हवे! आणि नकार ऐकून दावीद रुसून बसला नाही. तो परमेश्वरापुढे जाऊन बसला, त्याचे आभार मानले, आणि पुढे शलमोनासाठी सोने, रुपे, लोखंड व गंधसरूचे लाकूड जमवून ठेवले (१ इतिहास २२).

संत पौलाच्या शरीरात एक काटा सलत होता. तो दूर व्हावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले (२ करिंथ १२:७-१०). काटा गेला नाही. प्रभूची कृपा त्याला पुरेशी आहे आणि माणसाच्या दुर्बलतेतच प्रभूचे सामर्थ्य पूर्णतेला जाते, एवढेच त्याला कळवण्यात आले. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणायला कोण धजावेल?

आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती पित्याला केली (मार्क १४:३२-४२). प्याला टळला नाही. तेव्हा ज्याची प्रार्थना फळली नाही त्याचा विश्वास खोटा, हे म्हणणे शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे.

२. ‘देवाची इच्छा’ म्हणजे काय?

हा शब्द आपण फार सहज वापरतो. संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी एक महत्त्वाचा भेद दाखवला आहे. देव वाईट घडावे अशी इच्छा करीत नाही. तो वाईट घडू देतो. हवेसे वाटणे वेगळे आणि घडू देणे वेगळे. हायवेवर बेदरकार चालकाने कोणाच्या मुलाला चिरडले, तर ते देवाला हवे होते असे म्हणू नका. सिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३:४-५). लाजरसच्या कबरेजवळ प्रभू रडला (योहान ११:३५). मरण हीच देवाची आवड असती तर तो रडला असता का?

मग कोणी विचारील, देव सर्व जाणतो, त्याचे सर्व आधीच ठरलेले आहे, तर प्रार्थना तरी कशाला? याचेही उत्तर संत थॉमस देतात. देवाचा बेत बदलण्यासाठी आपण प्रार्थना करीत नाही. काही गोष्टी आपल्या प्रार्थनेद्वारेच द्याव्यात असे देवाने ठरवले आहे, त्या मिळाव्यात म्हणून आपण प्रार्थना करतो. वाडीत केळी पिकवतो तो देवच, म्हणून आपण पाणी शिंपायचे थांबतो का? पाणी शिंपणे हा त्याच्याच योजनेचा भाग आहे. प्रार्थनेचेही तसेच आहे. ‘जे व्हायचे ते होईल’ म्हणून हात जोडून गप्प बसणे हा ख्रिस्ती विश्वास नव्हे, तो नशीबवाद आहे.

३. आईची प्रार्थना आणि निसटलेला मुलगा

संत मोनिकाची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. तिचा मुलगा ऑगस्टीन धर्मापासून दूर गेला होता. ३८३ साली त्याने कार्थेजहून रोमला जायचे ठरवले. आपल्या नजरेआड गेला तर तो कायमचा हातचा जाईल या भीतीने ती त्याच्यामागे किनाऱ्यापर्यंत गेली. आपण मित्राला निरोप द्यायला थांबलो आहोत असे त्याने तिला खोटेच सांगितले. ती रात्र तिने जवळच्या प्रार्थनास्थळात रडत, मुलाला जाऊ देऊ नकोस अशी विनवणी करीत काढली. त्याच रात्री तो गलबतात बसून निघून गेला.

पुढचे आपण जाणतो. ऑगस्टीन रोमहून मिलानला गेला. तेथे बिशप संत अँब्रोज यांची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात तो लिहितो, त्याचा आशय असा की, देवाने आईचे त्या रात्रीचे मागणे दिले नाही, कारण तिचे नेहमीचे मागणे त्याला द्यायचे होते.

परंतु हा अर्थ उमगला तो नंतर. त्या सकाळी किनाऱ्यावर मोनिकाच्या हाती अश्रूंवाचून काहीच नव्हते. तिला त्या घडीला कोणी ‘सारे चांगल्यासाठीच होते’ असे म्हटले असते, तर ते शब्द तिला झोंबलेच असते. तिने काय केले? प्रार्थना सोडली नाही आणि ती घरीही बसून राहिली नाही. समुद्र ओलांडून ती मुलापाठोपाठ मिलानला पोहोचली. नकार आणि त्याचा अर्थ उमगणे, या दोहोंमध्ये जो लांब काळ असतो, त्या काळासाठीच आपल्याला विश्वास लागतो.

४. आपल्या वसईचा सुपुत्र

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म आपल्या वसईचा, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढे ते व्यापारात उतरले. जगाच्या दृष्टीने जपानमधली ती वर्षे फुकट गेली.

पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ साली संत पीटर बाप्टिस्ट यांच्याबरोबर ते पुन्हा जपानला गेले, दुभाषे म्हणून. ‘फुकट गेलेल्या’ वर्षांत शिकलेली भाषाच कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. एक दार बंद झाले तरी त्यांचे पाचारण संपले नव्हते.

५. उलगडा झालाच नाही तर?

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक नकाराचा असा गोड उलगडा याच जन्मी होतो, असे मी तुम्हांला सांगणार नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांना चीनमध्ये शुभवर्तमान न्यायचे होते. चीनच्या किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर ते गलबताची वाट पाहत राहिले. गलबत आले नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. पौलाचा काटा गेला असेही शास्त्र कुठे सांगत नाही.

मग आपण कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा? इब्री लोकांस पत्रात (५:७) एक विलक्षण गोष्ट आहे. मरणातून सोडवू शकणाऱ्या पित्याजवळ येशूने आक्रोश करीत, अश्रू गाळीत प्रार्थना केली, आणि ती ऐकली गेली, असे पत्रलेखक म्हणतो. ऐकली गेली? प्रभू तर क्रुसावर मेला! होय, पित्याने त्याला मरणापासून लांब ठेवले नाही, मरणातून उठवले. गेथशेमानेत प्याला तसाच राहिला, पण बळ द्यायला देवदूत आला (लूक २२:४३). यावरून आपण एवढे शिकावे: कधी मागणे नाकारले जाते, पण मागणारा कधीच नाकारला जात नाही.

६. आचरणासाठी

पहिली गोष्ट, मन मोकळे करून मागा. रागही देवाला सांगा. तेराव्या व अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात भक्ताने किती गाऱ्हाणी घातली आहेत, ते वाचून पाहा.

दुसरी, हाती असलेला उपाय सोडू नका. औषध चालू असेल तर चालू ठेवा. परीक्षा पुन्हा देता येत असेल तर द्या. प्रार्थनेच्या नावाखाली डॉक्टरांना टाळणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे होय.

तिसरी, दुःखी घरात गेलात तर बोलण्याची घाई करू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले (ईयोब २:१३). तोवर ते खरे मित्र होते; ते चुकले, ते कारणे सांगू लागल्यावर. भाकरी घेऊन जा, शेजारी बसा, त्यांची प्रार्थना थांबली असेल तर त्यांच्या वतीने तुम्ही करा.

समूहात चिंतनासाठी प्रश्न

१. माझी कोणती प्रार्थना आजही अनुत्तरित आहे? ती मी देवाजवळ बोलतो, की बोलायचे सोडून दिले आहे?

२. ‘देवाची इच्छा’ हे शब्द मी कधी कोणाला दुखावणाऱ्या रीतीने वापरले का?

३. आपल्या आळीत या आठवड्यात कोणाच्या शेजारी जाऊन बसण्याची गरज आहे?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही मागतो ते तू दिलेस तर आम्ही तुझे आभार मानू. दिले नाहीस तर रडू, पण तुझ्याजवळच रडू. जे आम्हांला कळत नाही ते तुझ्या हाती ठेवण्याचे बळ दे, आणि आमच्यापैकी जो आज एकटा पडला आहे त्याच्याकडे आम्हांला पाठव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे, आमेन.

आपला धर्मगुरू